आग्नेस टीचरच्या गाडीचा ऑइल कूलर

गिरीज गावात आग्नेस टीचर येताहेत हे कळायला मान वर करावी लागत नसे. गाडीचा आवाज पुरे होता. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती, केस बरेचसे पांढरे झाले होते, पण ट्रॅकपँट, गळ्यातली शिट्टी आणि ती गिअरची मोटरसायकल काही सुटली नव्हती. शाळेत त्या खेळ शिकवायच्या. मुलींना घेऊन कधी पालघर, कधी ठाणे असं सारखं मैदानांवर जावं लागे, म्हणून त्यांनी स्वतःच्या पगारातून ही गाडी घेतली. तेव्हा गावात दुसरी एकही बाई गिअरची गाडी चालवत नव्हती. चर्चच्या दारात फादरनी विचारलं होतं, "टीचर, स्कूटर नव्हती का मिळत?"

"मिळत होती फादर," टीचर म्हणाल्या होत्या, "पण मला हीच हवी होती."

निवृत्तीनंतर त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीने त्यांना जव्हारजवळच्या मुलींच्या वसतिगृहात नेलं. ती तिथे शिकवत होती. तिथल्या मुली लहानपणापासून डोंगर चढणाऱ्या, दमाला पक्क्या, पण धावायचं कसं ते त्यांना कुणी दाखवलेलं नव्हतं. टीचरनी त्यांना अर्धा तास धावताना पाहिलं आणि तिथेच सांगून टाकलं, "पुढच्या शनिवारपासून मी येते." तेव्हापासून दर शनिवारी सकाळी हायवेने मनोर, तिथून विक्रमगड, आणि मग घाट चढून वर.

अडचण घाटात होती. गाडी आता चोवीस वर्षांची झाली होती. सपाटीवर तिची काही तक्रार नसायची, पण विक्रमगड मागे पडून चढ लागला की इंजिनाचा आवाज जड व्हायचा, ॲक्सिलेटर पिळला तरी ओढ मिळायची नाही आणि पोटऱ्यांना चटके बसायला लागायचे. मग एका वळणावर गाडी उभी करायची आणि इंजिन निवायची वाट बघत दगडावर बसायचं. हिवाळ्यात तेवढ्याने भागलं. फेब्रुवारी सरला तसा तो थांबा लांबत गेला. टीचर वर पोचेपर्यंत ऊन चढलेलं असायचं आणि मुली सावली धरून बसलेल्या असायच्या.

"टीचर, आज पण गाडी दमली?" एखादी मुलगी विचारायची. ती काळजीनेच विचारायची, पण टीचरना ते लागायचं. उशिरा येणाऱ्या मुलीला त्यांनी नोकरीभर मैदानाची जास्तीची फेरी मारायला लावली होती. आता उशीर त्यांचाच होत होता.

घरी हा विषय निघाला की त्या एकट्या पडायच्या. मुलगा ॲल्रॉय मस्कतला होता. तो फोनवर म्हणायचा, "मम्मी, विकून टाक ना ती. मी तुला छान स्कूटर घेऊन देतो. नाहीतर शनिवारची एक रिक्षा ठरव."

"जव्हारला रिक्षाने?"

"मग एसटीने जा."

बर्नार्ड, टीचरचे यजमान, वाडीतून आणलेली केळी ओसरीवर मांडता मांडता ऐकत असायचे. ते मुलाच्या बाजूने होते. "पोरगा चुकीचं काय बोलतोय? जरा वयाकडे पण बघावं माणसाने."

"कुणाच्या वयाकडे? माझ्या की गाडीच्या?"

"दोघींच्या," बर्नार्ड म्हणाले आणि केळ्यांकडे वळले.

टीचरनी दोन-तीन गॅरेजांत गाडी दाखवली. सगळीकडे एकच उत्तर, जुनी झाली, नवी घ्या. मग कुणीतरी नालासोपाऱ्याजवळच्या आचोळ्यातल्या सुमेधचं नाव सांगितलं. एका इमारतीखालच्या गाळ्यात त्याचं लहानसं गॅरेज होतं. तिशीचा, कमी बोलणारा पोरगा. त्याने गाडीकडे बघण्याआधी टीचरना विचारलं, "कधी गरम होते? सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये, की चढावर?"

आजवर कुणी हे विचारलं नव्हतं. टीचरनी त्याला सगळा घाट तपशिलाने सांगितला, कुठल्या वळणावर कुठला गिअर पडतो तोसुद्धा. सुमेधने गाडी ठेवून घेतली. कार्ब्युरेटर साफ केला, व्हॉल्व्हची सेटिंग बघितली, ऑइल बदललं. पुढच्या शनिवारी थोडा फरक पडला, पण गाडी त्याच वळणावर उभी राहिली.

"टीचर, इंजिन चांगलं आहे तुमचं," सुमेध मग म्हणाला. "त्याच्यात दोष नाही. ही हवेवर थंड होणारी गाडी. चढावर स्पीड कमी, म्हणजे वारा कमी, आणि काम मात्र जास्त. आपण ऑइल कूलर लावून बघू या का?"

"ते काय असतं?"

त्याने समोर उभ्या असलेल्या एका नव्या बाइकच्या पुढच्या चाकामागे बोट दाखवलं. तिथे वहीएवढी, बारीक पत्र्यांची जाळी होती. "हा छोटा रेडिएटर समजा. इंजिनातलं गरम ऑइल एका पाइपने ह्याच्यात येतं, वारा लागून थोडं थंड होतं आणि दुसऱ्या पाइपने परत आत जातं. तुमच्या गाडीला कंपनीने दिला नव्हता, पण बसवता येईल. खोटं नाही बोलणार, मी आजवर जुन्या गाडीला बसवलेला नाही. पहिलाच असेल."

टीचर म्हणाल्या, "माझ्या हाताखालची प्रत्येक मुलगी कधीतरी पहिल्यांदाच पळाली. कर तू."

सुमेध त्या कामाला असा लागला की बाकीची गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. एका अपघातातल्या गाडीचा न दुखावलेला कूलर त्याने मिळवला. ऑइल फिल्टरच्या झाकणाच्या जागी दुसरं झाकण लागणार होतं, ऑइल बाहेर न्यायला आणि आत आणायला दोन तोंडं असलेलं. ते बाजारात मिळेना, म्हणून त्याने वाळीवच्या एका गाळ्यात लेथवर ते करून घेतलं. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापला, तो इंजिनावर लावून पाहिला आणि मगच लेथवाल्याकडे गेला. टीचर संध्याकाळी चक्कर मारायच्या आणि स्टुलावर बसून बघत राहायच्या. काम पुरं झालं तेव्हा त्याने गाडी स्टँडवर चालू ठेवली, कूलरमध्ये जेवढं जास्तीचं ऑइल जातं तेवढं वरून भरलं आणि प्रत्येक जोडावर कोरडं फडकं फिरवून टीचरच्या हातात दिलं. फडक्यावर थेंबही नव्हता.

त्या शनिवारी टीचर पहाटेच निघाल्या. मुलींना आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं, उद्या मी तुमच्या आधी मैदानावर असेन. विक्रमगड मागे पडलं, चढ लागला. गाडी ओढत होती. नेहमीचं वळण जवळ येत होतं आणि टीचरच्या मनात न थांबण्याचा विचार पक्का झाला होता, तेवढ्यात जळक्या तेलाचा वास आला. त्यांनी खाली पाहिलं. उजव्या बुटावर काळे थेंब होते आणि सायलेन्सरवरून धूर निघत होता. त्यांनी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं.

एका पाइपला बोटाच्या नखाएवढी चीर गेली होती. ऑइल रस्त्यावर सांडत होतं.

घाटातून मोगऱ्याच्या कळ्यांच्या गोण्या घेऊन दादरकडे निघालेली एक पिकअप थांबली. ड्रायव्हर आणि त्याच्या दोन सोबत्यांनी गाडी उचलून गोण्यांच्या बाजूला आडवी ठेवली. टीचरनी वसतिगृहावर फोन लावला. "आज तुम्ही तुमच्या पळा. गाडी बिघडली."

"टीचर, तुम्हाला लागलं नाही ना?" पलीकडून एका मुलीने विचारलं.

"मला नाही लागलं," टीचर म्हणाल्या. मग त्यांनी सुमेधला फोन करून नालासोपारा फाट्यावर यायला सांगितलं. फाट्यावर सुमेध टेम्पो घेऊन उभा होता. त्याने गाडी पाहिली, चिरलेला पाइप पाहिला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"टीचर, माझी चूक. मी पाइप स्टँडवर बसवला. स्टँडवर पुढचं चाक मोकळं असतं. तुम्ही बसल्यावर, खड्ड्यात, ब्रेक मारल्यावर पुढचा शॉकअप दबतो, मडगार्ड वर येतं. ते पाइपला घासत राहिलं." त्याने चिरेवर बोट ठेवलं. "मी सगळं काढून टाकतो. गाडी होती तशी करून देतो."

"पहिल्या शर्यतीत माझी मुलगी पडली, तर मी तिला घरी पाठवत नाही," टीचर म्हणाल्या. "कुठे चुकलं ते तुला कळलंय ना? मग तूच नीट कर."

त्या घरी आल्या तेव्हा कपड्यांना मोगऱ्याचा आणि जळक्या ऑइलचा वास येत होता. बर्नार्डनी जेवण वाढलं, पाणी ठेवलं. पण त्यांच्या डोक्यात राग होता. बायको एकटी घाटात अडकली होती. सोमवारी वाडीतली केळी आणि अळू नालासोपाऱ्याच्या बाजारात टाकून ते परस्पर आचोळ्याला गेले. सुमेधला सरळ सांगायचं, बाबा रे, ते लचांड काढ आणि गाडी विकायची असेल तर गिऱ्हाईक बघ, असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं.

गॅरेजात सुमेध गाडीच्या पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसला होता. एका हाताने हँडल खाली दाबत होता आणि दुसऱ्या हाताने पाइप पकडून बघत होता. दोन्ही एकत्र जमत नव्हतं.

"मी बर्नार्ड. आग्नेस टीचरचा मिस्टर," ते म्हणाले.

सुमेध उठून उभा राहिला. "अंकल, तुम्ही रागावला असाल. रागवा. पण आधी जरा गाडीवर बसता का? मला बसलेलं माणूस पाहिजे."

बर्नार्ड बसले. सुमेधने ट्यूब, पाने, जुन्या बॅटऱ्या अशा सामानाची एक पिशवी टीचरच्या बॅगेसारखी मागे बांधली. "आता पुढचा ब्रेक धरा आणि अंग पुढे टाका. जोरात. अजून."

गाडी नाकावर दबली. मडगार्ड वर आलं आणि पाइपला टेकलं. सुमेधने खडूने खूण केली. "बघा, इथे. हे मी बघायला पाहिजे होतं."

बर्नार्ड वाकून बघू लागले. त्यांचं सगळं आयुष्य वाडीला पाणी देण्यात गेलं होतं. "पाइप एवढा ताणून का लावलास?" त्यांनी विचारलं.

"नीट दिसावा म्हणून. लोंबत राहिला तर अडकेल."

"लोंबायला नको, पण वळणाला जागा पाहिजे. वाडीत मी पाइप ताणून लावला तर पंप सुरू झाल्या झाल्या मानेत चिरतो. हा कूलर वर सरकव, आणि पाइप असा बाजूने फिरवून आण." त्यांनी हवेत हाताने वळण काढून दाखवलं. "आणि जिथे लोखंडाला टेकेल तिथे रबर गुंडाळ."

सुमेधने कूलर चार बोटं वर धरून पाहिला. पाइप बाजूने फिरवला. बर्नार्डनी पुन्हा अंग पुढे टाकलं. मडगार्ड वर आलं आणि पाइपच्या खालीच राहिलं, बोटभर अंतर ठेवून. "परत," सुमेध म्हणाला. बर्नार्डनी परत केलं. ते उतरले तेव्हा त्यांच्या विजारीला ग्रीस लागलं होतं आणि आपण काय सांगायला आलो होतो तेच ते विसरले होते. आठवलं तेव्हा नालासोपारा मागे पडला होता. घरी त्यांनी ग्रीसचा डाग स्वतःच साबणाने घासून काढला.

सुमेधने ह्या वेळी पाइप साधा घेतला नाही. वरून तारेची जाळी विणलेला, गरम ऑइलसाठीचाच पाइप आणला. जोडांना तांब्याचे नवे वॉशर घातले. मग तो टीचरना म्हणाला, "शनिवारी मी तुमच्याबरोबर येतो. गॅरेज बंद ठेवतो. घाटात काय होतं ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

"माझ्या मागे बसशील?"

"बसेन. दोघांचं वजन झालं तर उलट चांगलं. परीक्षा कडक होईल."

शनिवारी दोघं निघाले. मनोरला चहा घेताना सुमेधने कूलरखाली फडकं धरून पाहिलं. विक्रमगडला पुन्हा. दोन्हीकडे कोरडं. चढ लागला तसा तो मागे एका अंगाला झुकून खालचा आवाज ऐकू लागला. टीचरनी गिअर पाडला. इंजिनाचा सूर थोडा उतरला आणि तिथेच ठरला. पोटऱ्यांना ऊब लागत होती, चटका नव्हता. नेहमीचं वळण आलं. तो दगड दिसला.

"थांबायचं?" टीचरनी मान न वळवता विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?" सुमेध म्हणाला. "तुम्ही तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखता."

टीचरनी मूठ पिळली. गाडीने ओढ घेतली आणि दगड मागे गेला. पुढचं वळणही गेलं. त्याच्या पुढचं, जे त्यांनी गेल्या महिनाभरात गरम इंजिन घेऊन जेमतेम गाठलं होतं, तेही गेलं. घाटमाथ्यावरचा गार वारा लागला तेव्हा टीचर ताठ बसल्या होत्या, संचलनात मुलींच्या पुढे चालताना असायच्या तशा. मागे सुमेधच्या तोंडून एक लांब श्वास सुटलेला त्यांना ऐकू आला.

मैदानावर अजून कुणीच नव्हतं. टीचरनी गाडी कडेला लावली आणि शिट्टी वाजवली. वसतिगृहाच्या खिडक्यांतून डोकी दिसली, मग बुटांच्या नाड्या बांधत, केस आवरत मुली धावत आल्या. टीचर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभ्या होत्या.

"उशीर झाला तुम्हाला," त्या म्हणाल्या. "एक फेरी जास्तीची."

मुली हसत हसत पळाल्या. सराव झाल्यावर त्या गाडीभोवती जमल्या. टीचरनी सुमेधला पुढे केलं. "गाडी कुणी चढवली विचारता ना? ह्याने. विचारा त्याला, कसं केलं ते."

सुमेधला एवढ्या लोकांसमोर बोलायची सवय नव्हती. तो अडखळत सांगू लागला की इंजिनात ऑइल फिरतं, ते तापतं, तापलं की पातळ होतं, आणि तसंच परत परत फिरवलं तर इंजिन थकतं. म्हणून ते थोडा वेळ बाहेर काढून वाऱ्यावर फिरवायचं आणि परत कामाला लावायचं.

एका उंच मुलीने मान हलवली. "म्हणजे जोरात पळून झालं की टीचर आम्हाला बसू देत नाहीत, चालायला लावतात, तसं."

सुमेध तिच्याकडे बघत राहिला. "बरोबर तसंच," तो म्हणाला. "मला एवढं सोपं करून सांगता आलं नसतं."

परतीच्या वाटेवर मनोरला मिसळ खाताना त्याने टीचरना बर्नार्डचं सांगितलं. ते आले कसे, बसले कसे, पाइपला वळण त्यांनीच कसं दाखवलं. टीचर पाव हातात धरून ऐकत राहिल्या.

"मला बोलले नाहीत काही," त्या म्हणाल्या.

"मला वाटलं तुम्हीच पाठवलंत त्यांना."

"मी कुणाला पाठवते का," टीचर म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा उजळला होता. त्या घरी पोचल्या तेव्हा बर्नार्ड अळूच्या जुड्या बांधत बसले होते. टीचर त्यांच्या शेजारी बसल्या आणि सगळा घाट त्यांना वळणावळणाने सांगितला. बर्नार्डनी मध्ये एकदाच विचारलं, "पाइप कुठे टेकला नाही ना?"

"नाही. तुम्ही दाखवलंत तसाच आहे."

बर्नार्डनी हातातली जुडी नीट बांधली. "मग ठीक," ते म्हणाले. त्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात कुणी भेटलं की ते त्याला गाडीपाशी न्यायचे आणि पाइपाचं वळण दाखवायचे. ॲल्रॉयचा फोन आला तेव्हाही त्यांनी पाइपाचंच सांगितलं. त्याने स्कूटरचं नाव काढलं नाही.

मेच्या सुट्टीत टीचर ऑइल बदलायला आचोळ्याला गेल्या, तर गॅरेजात अर्नाळ्याचा एक माणूस आला होता. हरेश्वर नाव. जुन्या बाइकवर मासळीच्या पाट्या बांधून तो रोज विरारच्या बाजारात यायचा. आता त्यालाही कूलर हवा होता. सुमेधने त्याला विचारलं, "पाट्या कुठे आहेत?"

"घरी. कशाला?"

"उद्या भरून घेऊन या. रिकाम्या गाडीला मी पाइप बसवत नाही."

हरेश्वरने टीचरच्या गाडीकडे बोट दाखवलं. "ही कोनाची?"

"माझी," टीचर म्हणाल्या.

त्याने एकदा गाडीकडे, एकदा त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "बाई, हा कूलर खरंच काम करतो का, की पैसे पान्यात जातात?"

टीचर स्टुलावरून उठल्या. "मी ह्या गाडीवर दर शनिवारी जव्हारचा घाट चढते," त्या म्हणाल्या. "न थांबता. मागे माणूस बसवूनसुद्धा चढले आहे." मग त्यांनी किल्ली त्याच्यापुढे धरली. "चालवून या. आचोळ्याच्या तलावाला चक्कर मारा आणि मग मला सांगा."

हरेश्वर किल्ली घेऊन गेला. टीचर आणि सुमेध गाळ्याच्या दारात उभे राहून रस्त्याच्या टोकापर्यंत तो आवाज ऐकत राहिले.